कादंबरीतला पदार्थ रांधताना जुन्या काळाला किती धरून राहायचं?

पानापानांत (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमचं एक छोटं मंडळ आहे. महिनाभर सगळ्यांनी एकच जुनी कादंबरी वाचायची आणि महिन्याच्या शेवटी एकत्र जमून त्यातलं काहीतरी रांधून जेवायचं, असा नेम. मला हे मंडळ फार प्रिय आहे. आपण जे पान भराभर उलटून पुढे गेलो, तिथेच त्या काळातलं माणूस कसं जगत होतं हे लिहून ठेवलेलं असतं, हे मला इथे कळायला लागलं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 1605 सालची स्पॅनिश कादंबरी ‘डॉन किहोते’. कथानायकाचं नाव नीट सांगण्याआधीच लेखक त्याचा आठवड्याचा आहार सांगतो. हंडीत शिजवलेलं मांस, त्यातही मटणापेक्षा गोमांस जास्त. बहुतेक रात्री त्याच थंड मांसाचे बारीक तुकडे. शुक्रवारी मसूर, रविवारी जमलं तर एखादं कबुतर. आणि या एवढ्यावर त्याच्या उत्पन्नातला तीन चतुर्थांश भाग संपतो! मानाचं घराणं आणि रिकामा खिसा दोन्ही एकाच वाक्यात. ते वाचून झाल्यावर आम्ही मसूर शिजवले, तेव्हा चर्चा आपोआप पैशांकडे वळली. ती मला कुठल्याही समीक्षेपेक्षा मोलाची वाटली.

आता मुद्द्याचं. पुढचं पुस्तक जेन ऑस्टिनचं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. त्यात अकराव्या प्रकरणात बिंगली हा श्रीमंत तरुण म्हणतो की स्वयंपाकघरातून पुरेसं ‘व्हाइट सूप’ तयार झालं की लगेच नृत्याची निमंत्रणं पाठवू. बस, पदार्थाचं नाव आलं आणि गेलं. कृती नाही, चव नाही. मग कृती आणायची कुठून? मंडळात दोन मतं आहेत. काहींना वाटतं आजची एखादी छान कृती घ्यावी, नाव तेच द्यावं. काहींना वाटतं खलबत्त्यापासून सगळं जुन्या पद्धतीनंच व्हावं. माझं मत असं, की पदार्थ खाताना त्या घरातला पैसा आणि चूल समजली पाहिजे, बाकी तडजोड चालेल. पण ही रेघ नक्की कुठे ओढायची ते ठरत नाहीये. शिवाय आमच्यातले काही जण शाकाहारी आहेत आणि त्यांनी नुसतं बघत बसावं हे मला अजिबात मान्य नाही.

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

जुनी_वही

ताई, फार आवडता विषय काढलात.

कृती शोधताना मी तीन गोष्टी बघते: साल, देश आणि घर. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ 1813 सालचं, इंग्लंडचं. मारिया रंडेल यांचं घरगुती पाककृतींचं पुस्तक 1806 मध्ये आलं आणि पुढची कित्येक वर्षं घरोघरी वापरलं गेलं. तुमच्यासाठी तेच योग्य. हॅना ग्लासचं 1747 चं पुस्तकही मिळेल, पण ते दोन पिढ्या आधीचं. उलट मिसेस बीटनच्या पाककृतींच्या पुस्तकाचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं म्हणून लोक तेच उघडतात, पण ते 1861 चं. तोवर चूल बदलली होती, बाजार बदलला होता, जेवणाची वेळसुद्धा सरकली होती.

गोष्ट घडते ते साल आणि पुस्तक लिहिलं ते साल वेगळं असेल तर थोडं थांबून विचार करावा लागतो. ड्युमाचं ‘थ्री मस्केटिअर्स’ 1844 मध्ये छापून आलं, पण गोष्ट सुरू होते 1625 मध्ये. तिथे मी ला व्हारेनचं 1651 चं फ्रेंच पाककृतींचं पुस्तक घेईन. तेही पाव शतक नंतरचं आहे, पण दोनशे वर्षांपेक्षा बरं. ड्युमा स्वतः खाण्याचा इतका वेडा होता की त्यानं पाककलेचा जाडजूड कोश लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर 1873 मध्ये निघाला. मोह होतो, पण तो कोश मस्केटिअर्सच्या काळाचा नव्हे, ड्युमाच्या काळाचा.

आणि घर. व्हाइट सूप म्हणजे वासराच्या मांसाचा रस्सा, कुटलेले बदाम आणि साय. ते श्रीमंत घरातच होणार, कारण रस्सा तासन्‌तास उकळायला जळण आणि बदाम कुटायला माणसं लागतात. बिंगलीचं वाक्य मला त्यासाठीच आवडतं. तो सहज बोलून जातो, पण त्यामागे कुणीतरी दिवसभर राबणार असतं. म्हणून माझी सूचना: सगळे बदाम मिक्सरमधून काढा, पण एक मूठ खलबत्त्यात कुटा आणि प्रत्येकाला थोडा वेळ कुटायला लावा. तुमची रेघ तिथे ओढली जाईल.

शाकाहाराचं कोडं वाटतं तितकं अवघड नाही. मध्ययुगीन युरोपात चर्चच्या उपवासाच्या दिवशी मांस आणि दूध वर्ज्य असायचं, तेव्हा बदामाच्या दुधावरच स्वयंपाक चालायचा. तुमच्या किहोतेचे शुक्रवारचे मसूर त्याच नियमातले. त्यामुळे कांदा, सेलरी, जायपत्री आणि पांढरी मिरी घालून भाज्यांचा रस्सा करा, त्यात बदाम, साय आणि दाटपणासाठी पांढऱ्या पावाचा चुरा. अंडं चालत असेल तर शेवटी एक बलक, आच बंद करून.

---

मंदआच

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी मापं आणि चुलीबद्दल लिहितो, कारण पदार्थ बिघडतात ते तिथेच.

इंग्लंडमध्ये 1824 च्या कायद्यानं मापं बदलली. त्यानंतरचा पिंट (पातळ पदार्थ मोजायचं माप) सुमारे 568 मिलि. त्याआधी वाइन मोजायच्या मापाचा पिंट साधारण 473 मिलि होता आणि अमेरिकेत आजही तोच आहे. म्हणजे रंडेलच्या पुस्तकातला पिंट आणि त्यानंतर पन्नास वर्षांनी छापलेल्या पुस्तकातला पिंट एक नव्हे. सूपमध्ये हा फरक लगेच कळतो, पातळ होतं. अंडीही तेव्हा लहान असत, म्हणून मी जुन्या कृतीत सांगितलेल्या अंड्यांतलं एखादं कमीच घालतो. आणि ‘मंद’, ‘मध्यम’, ‘तेज’ भट्टी एवढंच लिहिलेलं असतं. कागदाचा तुकडा किंवा चिमूटभर पीठ आत टाकून ते किती वेळात तांबूस होतं यावरून लोक अंदाज घेत. घरच्या ओव्हनमध्ये एकदा करून बघा, सगळ्यांना आवडेल.

इलायझा ऍक्टनचं 1845 चं पाककृतींचं पुस्तक मात्र प्रत्येकानं बघावं. तिनं कृतीच्या शेवटी साहित्य आणि वेळ वेगळं काढून द्यायला सुरुवात केली. डिकन्स वाचणार असाल तर तेच पुस्तक हाताशी ठेवा, ‘ख्रिसमस कॅरोल’ 1843 चं आहे. क्रॅचिट कुटुंबाच्या जेवणाचा प्रसंग बघा. हंस भाजून येतो तो बेकरीतून, कारण गरिबाच्या घरात भट्टीच नसायची. पुडिंग शिजतं ते कपडे उकळायच्या तांब्याच्या भांड्यात, आणि त्याच्या फडक्याला धुण्याच्या दिवसाचा वास येतो. फडक्यात बांधून उकळल्यामुळे ते तोफगोळ्यासारखं गोल. हे सगळं कळल्यावर कुणालाही साच्यातलं सुबक पुडिंग करावंसं वाटणार नाही.

फडकं आधी उकळत्या पाण्यातून काढा, पिळा, त्यावर मैदा भुरभुरवा. पाणी खळखळ उकळत असतानाच पुडिंग सोडा आणि कमी झालं की उकळतंच पाणी घाला. ऍक्टनच्या ख्रिसमस पुडिंगला साडेतीन तास लागतात. त्यात गाईची चरबी आहे. ती उशिरा वितळते, म्हणून पुडिंग हलकं होतं. शाकाहारी मंडळींसाठी लोणी गोठवून किसून घाला. हा आजचा चोरटा मार्ग नाही बरं का! डिकन्सच्याच ‘मार्टिन चझलविट’ कादंबरीतली रूथ पिंच जे मांसाचं पुडिंग करते, त्याचं स्वतःचं रूप ऍक्टननं आपल्या पुस्तकात दिलं आहे आणि त्यात चरबीऐवजी सहा औंस लोणी आणि चार अंड्यांचे बलक आहेत. म्हणजे त्या काळातल्या माणसांनीच अदलाबदल केलेली आहे.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. जुन्या कृतींत ‘थोडे कडू बदाम’ असं हमखास येतं. कडू बदामातून सायनाइड तयार होतं, ते घेऊच नका, बदामाच्या इसेन्सचा एक थेंब पुरे. आणि भाज्यांच्या लोणच्याला हिरवा रंग यावा म्हणून तांब्याच्या भांड्यात उकळा असं लिहिलेलं दिसलं तर ती कृती तिथेच सोडा. फ्रेडरिक ऍक्युम या रसायनतज्ज्ञानं 1820 मध्येच भेसळीवरच्या पुस्तकात या हिरव्या लोणच्यांचा धोका सांगितला होता. काळाशी इमान राखायचं ते चवीपुरतं आणि कष्टांपुरतं.

---

खारावारा

‘मोबी डिक’ कधी घेणार? 1851 च्या त्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण चाउडर या दाट सूपवर आहे! त्यात लहान शिंपले, कुटलेली जहाजी बिस्किटं, खारवलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप, लोणी, मीठ, मिरी. आज चाउडर म्हटलं की लोक दूध आणि बटाटे घालतात, या पानावर दोन्ही नाहीत. दाटपणा येतो तो बिस्किटांनी. जहाजी बिस्किट घरी होतं: पीठ, पाणी, मीठ, कडकडीत होईपर्यंत भाजायचं.

---

जुनी_वही

अजून एक सुचलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. ओटची पातळ पेज दोन पुस्तकांत शेजारी ठेवून बघा. जेन ऑस्टिनच्याच ‘एमा’मध्ये श्रीमंत, सतत तब्येतीच्या काळजीत असणारे मिस्टर वुडहाउस सगळ्यांना तीच पेज सुचवत असतात: मऊ, पातळ, पण फार पातळ नको. पुढे वीसेक वर्षांत डिकन्सचं ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ येतं. तिथे अनाथ मुलांना दिवसातून तीनदा तीच पेज, आठवड्यातून दोनदा एक कांदा आणि रविवारी अर्धा पाव. मुलं वाडगे चमच्यांनी इतके पुसून खातात की ते धुवावेच लागत नाहीत.

धान्य एकच, पातेलं एकच. एका घरी ती लाडाची, दुसरीकडे ती शिक्षा. एक पेज नुसत्या पाण्यात शिजवा, दुसरीत लोणी, साखर, जायफळ आणि हवी तर थोडी वाइन घाला. खर्च जवळजवळ नाही, सगळ्यांना चालते.

---

पानापानांत

मंडळी, तुमचे किती आभार मानू! मंदआच, पिंटचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नसता, आणि रूथ पिंचच्या लोण्यानं तर आमचा जुना वादच मिटला.

सगळ्यांशी बोलून असं ठरलंय. या महिन्यात व्हाइट सूप, रंडेलच्या काळाचं. एका पातेल्यात मांसाचा रस्सा, दुसऱ्यात भाज्यांचा, बदाम आणि साय दोन्हीत सारखी, म्हणजे कुणाचीच वाटी वेगळी दिसणार नाही. बदाम कुटायचं काम आलटून पालटून, आणि कुटताना तेच अकरावं प्रकरण कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. पुढच्या वेळी दोन पेजा. ऑलिव्हरची आधी, वुडहाउसची नंतर, आणि मध्ये दुसरं काहीच खायचं नाही. डिकन्सचं पुडिंग डिसेंबरसाठी राखून ठेवलंय. चाउडरही होणार, खारावारा, पण शाकाहारी मंडळींसाठी त्याला जोड काय द्यायची ते तुम्हीच सुचवा.

एक शेवटचं: बदामाचं दूध फडक्यातून गाळू की बारीक चाळणीतून?

---

मंदआच

फडक्यातून, दोनदा. चाळणीतून रवा राहतो आणि साय घातल्यावर तो जिभेला लागतो. उरलेला चोथा टाकू नका, वाळवून पुडिंगच्या पावाच्या चुऱ्यात मिसळा.

---

खारावारा

शाकाहारी जोड: मक्याचे दाणे, तीच कुटलेली बिस्किटं, भरपूर लोणी आणि मिरी. खारवलेल्या मांसाची जागा भरायला कांदा चांगला तांबूस होईपर्यंत परतून घ्या, मीठ थोडं जास्त.