मदत हवी आहे: भावाच्या जनुकीय रिपोर्टमध्ये दोष निघालाय, मुलांची तपासणी करू का?

ओवी_क: भावाला चाळिशीच्या आत हार्ट अटॅक आला. आता घरी आहे, बरा आहे. पण जनुकात बदल निघालाय आणि 'घरच्यांनीही तपासून घ्या' एवढंच सांगून पाठवलं. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घरांतच सोयरिकी होतात. अशा समाजांवर हृदयाचे बरेच अभ्यास झालेत असं वाचलं. मग आम्हा सगळ्यांतच हे असणार का? मुलांचं काय करू? कृपया लवकर सांगा, डोकं चालत नाहीये.

तळटीप: कोणतं जनुक? जनुकाच्या दोन प्रती असतात, आईकडून एक, वडिलांकडून एक; एका प्रतीत बदल आहे की दोन्ही? एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांआधीचा की नंतरचा? मुलं कुणाची, केवढी?

सदाफुली: माझ्या नवऱ्याचं कोलेस्टेरॉल नुसतं चालून उतरलं. रोज तासभर चाला, घाबरू नका.

तळटीप: सदाफुली, जनुकीय असेल तर चालून एवढं उतरत नाही. त्या भरवशावर गोळी सोडायला सांगू नका.

सदाफुली: सोडा असं मी कुठे म्हटलं?

जुना_वड: नात्यातली लग्नं आधी थांबवा. मूळ तिथेच आहे.

मैत्रेय: वडकाका, गल्लत होतेय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीतले आमिश (आपसातच लग्नं करणारा ख्रिस्ती समाज) घ्या, 18व्या शतकात आलेल्या मोजक्या कुटुंबांचे वंशज. एलडीएल वाढवणारा एपीओबी या जनुकातला एक बदल त्यांच्यात सुमारे 12 टक्के लोकांत सापडतो, कारण तो मूळच्या एखाद्याच पूर्वजाकडून पसरत आला. त्याची एकच प्रत पुरते. आईवडील नात्यातले असोत वा नसोत, एकाकडे ती असली की प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. नात्यातल्या लग्नाने दोन्ही प्रती येण्याचा धोका वाढतो, तो वेगळा मुद्दा. आणि याच आमिशांत सुमारे 5 टक्के लोकांत एपीओसी3 या दुसऱ्या जनुकाची एक प्रत बंद असते. त्यांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) कमी, हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमही कमी साचलेलं. 2008 साली हे प्रसिद्ध झालं, पुढे त्याच जनुकाला रोखणारी औषधं आली. लहान समाजात वाईटच साठतं असं नाही हो.

कोरांटी: अवांतर, पण ग्रीनलंडच्या मूळ रहिवाशांबद्दल, इन्युइटांबद्दल, 2014 साली आलेलंही वाचा. टीबीसी1डी4 या जनुकातल्या बदलाच्या दोन प्रती असल्या तर टाइप 2 मधुमेहाचा धोका सुमारे दहापट!

तळटीप: ताईंनी मधुमेहाचं विचारलेलं नाही.

ओवी_क: एपीओबीच आहे, एक प्रत. एलडीएल 238, गोळ्यांआधीचा. मुलं माझी, 6 आणि 11 वर्षांची. माझं स्वतःचं कधी तपासलंच नाही.

तळटीप: मग आधी तुमचं लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीची तपासणी), आणि भावात सापडला नेमका तोच बदल तुमच्यात आहे का ते पाहा. तुमच्यात नसेल तर तुमच्याकडून मुलांत जाणार नाही.

मैत्रेय: एक राहिलं. यजमानही त्याच घरांतले का? तसं असेल तर त्यांचीही तपासणी हवी, एकट्या ताईंचा रिपोर्ट पुरणार नाही. मुलांचं साधं लिपिड प्रोफाइल आत्ताही करता येईल. अशा मुलांना गोळी द्यायचा विचार साधारण 8 ते 10 वर्षांपासून करतात, तेव्हा मोठ्याचं लांबवू नका.

ओवी_क: हो, ते माझ्या आत्याच्या सासरचेच. उद्या चौघंही जातो. उपाशीपोटी जायचं का?

तळटीप: एलडीएलसाठी बहुतेक वेळा गरज नसते, लॅबला एक फोन करून विचारा. भावाचा रिपोर्ट मात्र बरोबर न्या.