म्हाताऱ्या कुत्र्याला न्यूमोनिया झाला आहे, हे घरी कसे ओळखावे?

प्रश्न (यावल तालुका)
आमचा मोत्या लॅब्राडोर असून त्याला बारावे वर्ष लागले आहे. तापीकाठी थंडी वाढल्यापासून तो खोकतो, विशेषतः पाणी प्यायल्यावर. चार दिवस त्याने भाकरीला तोंड लावलेले नाही, म्हणून आई सिरिंजने त्याच्या तोंडात दूध सोडते. अंग गरम लागत नाही. पावसाळ्यापासून त्याचे भुंकणेही घोगरे झाले आहे. वयामुळे असे होतेच, असे शेजारी म्हणतात. पण रात्री तो आडवा न होता पुढचे पाय फाकवून, मान लांबवून बसून राहतो, ते बघवत नाही. हा न्यूमोनिया असेल का? घरातले खोकल्याचे औषध द्यावे का?

उत्तर (धुळे)
सर्वांत आधी सिरिंजने दूध पाजणे आजच थांबवा. म्हाताऱ्या लॅब्राडोरचे भुंकणे घोगरे होणे आणि पाणी पिताना ठसका लागणे, ही दोन्ही लक्षणे एकत्र असली तर स्वरयंत्राच्या लकव्याची शंका घ्यावी लागते. त्यात श्वासनलिकेचे दार नीट चालत नाही आणि पोटात जायचे ते फुप्फुसात उतरून तेथे न्यूमोनिया होतो. आईंनी मायेनेच पाजले आहे, त्यांना बोल लावू नका.

तो झोपेत असताना छाती एका मिनिटात किती वेळा वर येते, ते मोजा. निरोगी कुत्र्यात हा आकडा ३० च्या आत असतो. तो ४० च्या पुढे गेला किंवा हिरड्या निळसर, राखाडी दिसल्या, तर सकाळची वाट पाहू नका. हाताला अंग गरम न लागण्यावर विसंबू नका. कुत्र्याचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते आणि उतारवयात न्यूमोनिया असूनही ताप येतोच असे नाही. खोकल्याचे औषध मुळीच देऊ नका, कारण खोकला दाबला की कफ आतच साचतो. माणसांच्या तापाच्या गोळ्याही नकोत. आयबुप्रोफेन तर कुत्र्यांना विषासारखे आहे.

उत्तर (भुसावळ)
छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय उपचार ठरवू देऊ नका. हृदय थकून फुप्फुसात पाणी साचले तरी म्हातारे कुत्रे असेच धापते आणि त्याचे औषध अगदी वेगळे असते. आमच्या कुत्रीला न्यूमोनियाच होता. प्रतिजैविके, ऑक्सिजन आणि सलाइन दवाखान्यात झाले. घरी आल्यावर डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे वाफारा देऊन, तळहाताची ओंजळ करून आम्ही बरगड्यांवर हलक्या थापट्या मारत असू, म्हणजे कफ सुटे. आठवड्यात ती खाऊ लागली, तरी गोळ्या आम्ही मनाने बंद केल्या नाहीत.

प्रश्नकर्ता
दूध बंद केले आहे. बसल्या जागी डुलकी लागली तेव्हा दोनदा मोजले; ४४ आणि ४६ भरले. हिरड्या फिकट आहेत. गाडी सांगितली आहे, त्याला छातीवर दाब येणार नाही असे बसवून आत्ताच जळगावला निघतो.