डिमांड डायलला पहिला डेटा जातच नाही, आणि लागलेली लाईन सुटत नाही

दिंडोरीकर:
नमस्कार मंडळी, दिंडोरीला द्राक्षबागेत रास्पबेरी पाय (छोटा संगणक) बसवलाय, पान किती वेळ ओलं राहिलं आणि तापमान दर पंधरा मिनिटाला नाशिकच्या सर्व्हरला पाठवतो. सिमवाला यूएसबी मोडेम आहे, पीपीपीडीने (लिनक्सवर मोडेमची लाईन लावणारा प्रोग्रॅम) डायल होतो. सगळं सोलरवर आहे म्हणून गरज पडली की लाईन लागावी आणि आपोआप सुटावी एवढंच पाहिजे, त्यासाठी डिमांड (डेटा निघाला की डायल) आणि आयडल १२० (१२० सेकंद काही गेलं-आलं नाही की लाईन बंद) दिलंय. पण डायल होऊनही पहिला डेटा टाईमआउट होतो, दुसऱ्यांदा पाठवला की जातो. आणि एकदा लागलेली लाईन सुटायचं नावच घेत नाही. गोडी छाटणी (फळासाठीची) झालीय, पोंगे (कोवळे कोंब) फुटतायत, डाऊनी रोगाच्या दिवसात पहाटेचंच रीडिंग हुकलं तर फवारणी ठरवायची कशावर?

सातपूरवाला:
दादा, डिमांडमधे पीपीपीडी डायलच्या आधीच इंटरफेस उभा करतो, तेव्हा कंपनीकडून आयपी (नेटवरचा पत्ता) मिळालेला नसतो म्हणून स्वतःच १०.६४.६४.६४ लावून ठेवतो. तुमचा प्रोग्रॅम त्याच आयपीवरून कनेक्शन उघडतो, मग खरा आयपी येतो पण सॉकेट (उघडलेलं कनेक्शन) जुन्यालाच चिकटलेलं, उत्तर येणार कुठून. सिसकंट्रोलमधे (लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंगमधे) आयपी_डायनॅडर १ करा, जे टीसीपी कनेक्शन अजून लागतंय त्याचा पत्ता कर्नल बदलून घेतो. कंपनीने दिलेला आयपीच घ्यायला लावणारे पीपीपीडीचे पर्याय, नोआयपीडिफॉल्ट आणि आयपीसीपी-ॲक्सेप्ट-लोकल, आहेत ना ते पण बघा. आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा आयपी शोधणं) नुसतं यूजपीयरडीएनएसवर (कंपनी देईल तोच डीएनएस घेणारा पर्याय) सोडू नका, डायलच्या आधी रिझॉल्व्ह.कॉन्फमधे (डीएनएस सर्व्हर लिहायची फाईल) काहीच नसेल तर पॅकेट बाहेरच पडत नाही, मग डायल होईल कशाने? ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) कायमचा लिहून ठेवा.

दिंडोरीकर:
डायनॅडर १ केल्यावर पहिल्या झटक्यात गेला डेटा! खूप आभार. लाईन मात्र अजून सुटत नाही. एमक्यूटीटी (सेन्सरचा डेटा पाठवायची पद्धत) वापरतो, क्लायंट कायम जोडलेला असतो.

नाशिकरोड_लिनक्स:
तिथंच घोळ आहे. कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे हे कळवायचं अंतर) बहुतेक ६० सेकंदांचा असेल, म्हणजे १२० पूर्ण व्हायच्या आत पिंग जातो आणि आयडलचा काटा परत शून्यावर. कनेक्ट करा, पाठवा, डिस्कनेक्ट करा. टाईमसिंकची (नेटवरून घड्याळ जुळवणं) पॅकेटंही हेच करतात, त्यांना ॲक्टिव्ह-फिल्टरमधे (कुठली पॅकेटं वापर म्हणून मोजायची ते ठरवणारा पर्याय) 'नॉट यूडीपी पोर्ट १२३' द्या, मग ती लाईन लावतही नाहीत आणि धरूनही ठेवत नाहीत.
खरं सांगायचं तर ठरलेल्या वेळेलाच पाठवायचं असेल तर डिमांडची गरजच नाही. क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्रॅम) पॉन (लाईन लावा), डेटा, पॉफ (लाईन सोडा). बॅटरीला हेच बरं पडेल.

दिंडोरीकर:
क्रॉन पटतंय. मग टाईमसिंक बंदच करून टाकू का?

सातपूरवाला:
अजिबात नको! पायमधे घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते, ढगाळ दिवसात सोलर बसलं की उठल्यावर वेळ चुकलेली असते आणि पहाटेचं रीडिंग भलत्याच वेळेला चिकटतं. पॉन झाल्यावर आधी वेळ जुळू द्या, मगच डेटा पाठवा. आणि प्रत्येक रीडिंग आधी फाईलमधे लिहा, रेंज गेली तरी पुढच्या फेरीत जाईल.