पोर्ट शिकागो १९४४: बंडाचा खटला ५० जणांवरच का?

शिडाची_होडी: १७ जुलै १९४४ ला कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागो धक्क्यावर दारूगोळा भरताना स्फोट झाला. ३२० माणसं गेली, त्यांत २०२ कृष्णवर्णीय नौसैनिक. पुढे २५८ जणांनी हे काम नाकारलं, पण बंडाचा खटला फक्त ५० जणांवर. बाकीचे सुटले का? २०२४ च्या निर्णयानं काय बदललं? स्मारक बघता येतं का?

गोदीकर: सुटलं कुणीच नाही. ९ ऑगस्टला जवळच्या मेअर आयलंड नाविक तळावर या २५८ जणांना पुन्हा त्याच कामावर नेलं आणि त्यांनी नकार दिला. दोन दिवसांनी ॲडमिरल कार्लटन राइट यांनी तंबी दिली की युद्धकाळात बंडाला मृत्युदंड आहे. २१४ जण कामाला तयार झाले, ४४ अडून राहिले. नंतर आणखी सहा जण कामावर गेले नाहीत, असे ५० झाले. उरलेल्या २०८ जणांना 'येतो' म्हणूनही शिक्षा झालीच: तीन महिन्यांचा पगार कापला आणि वाईट वर्तणुकीचा शेरा मारून बडतर्फीची शिक्षा सुनावली. पन्नासांपैकी एकाचं मनगट मोडलेलं, हात प्लास्टरमध्ये. तो बॉम्ब उचलणार कसा, हेही कुणी पाहिलं नाही. न्यायालयानं ८० मिनिटांत सगळ्यांना दोषी ठरवलं, प्रत्येकी १५ वर्षं. नागरी हक्कांचे वकील थर्गुड मार्शल यांनी अपील चालवलं. जानेवारी १९४६ मध्ये बहुतेक जण सुटले, डाग तसाच राहिला.

विंचमन: नकार का दिला, ते कामात आहे. रेल्वे वॅगनमधले बॉम्ब फळ्यांवरून हातानं घरंगळवत धक्क्यावर आणायचे आणि वाफेच्या विंचनं (दोर गुंडाळून ओझं उचलणाऱ्या यंत्रानं) जाळ्यांतून जहाजाच्या पोटात उतरवायचे. हे करणारे सगळे कृष्णवर्णीय, अधिकारी सगळे गोरे, आणि स्फोटकं हाताळायचं शिक्षण कुणालाच नाही. लक्ष्य होतं दर हॅचला (जहाजाच्या पोटात माल उतरवायच्या तोंडाला) तासाला १० टन. कुठल्या तुकडीनं किती टन भरलं ते फळ्यावर खडूनं लिहिलं जाई, अधिकारी त्यावर पैजा लावत. बॉम्बला फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) नाही, फुटणार नाही, असं सांगितलं जाई. प्रत्यक्षात फ्यूज बसवलेले आगलावे बॉम्बही त्या मालात होते. 'ई. ए. ब्रायन' जहाजात सुमारे ४,६०० टन माल भरून झाला होता. धक्क्यावरचं कुणीच वाचलं नाही, त्यामुळे ठिणगी कुठे पडली ते कळलंच नाही. तीनच महिन्यांपूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन'चा स्फोट झाला, तिथे निदान आग कापसात लागल्याचं माहीत आहे.

स्फोटानंतर गोऱ्या अधिकाऱ्यांना रजा मिळाली. या कृष्णवर्णीय नौसैनिकांना नाही; उलट सोबत्यांच्या शरीराचे तुकडे गोळा करायला लावले. तीन आठवड्यांत पुन्हा तेच काम, पद्धत जुनीच. मला तरी यात बंड दिसत नाही.

बखर: १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पन्नासांपैकी फ्रेडी मीक्स यांना माफी दिली. माफी मागायची म्हणजे गुन्हा कबूल करायचा, म्हणून काहींनी ती मागायलाच नकार दिला. १७ जुलै २०२४ ला नौदलानं उरलेल्या २५६ जणांना दोषमुक्त केलं, म्हणजे शिक्षाच रद्द. २५८ पैकी दोघांची शिक्षा आधीच रद्द झाली होती. तोवर पन्नासांपैकी कुणीही हयात नव्हतं.

स्मारक चालू लष्करी तळाच्या आत आहे, थेट जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यान सेवेकडे किमान दोन आठवडे आधी नोंदणी करा. वाहन त्यांचंच असतं, मार्टिनेझ गावातल्या जॉन म्यूर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळावरून सुटतं. तळाच्या कामामुळे फेरी रद्द होऊ शकते, तेव्हा त्या दिवशी परतीचं विमान ठेवू नका. पाण्यात मोडक्या धक्क्याचे खांब अजून दिसतात.