'विरघळणारं' की 'जिरणारं'? दुधाच्या दाढेतलं सिमेंट

प्रश्न
धाकटीच्या दुधाच्या दाढेची नस काढली. डॉक्टर म्हणाले, आत विरघळणारं सिमेंट भरलंय. माझ्या पोटात गोळाच आला. ते लाळेत विरघळून तिच्या पोटात जाणार का? इथे 'विरघळणारं' बरोबर आहे का?

प्रतिसाद
ताई, मी लहान मुलांचेच दात बघते आणि हाच शब्द मीही वर्षानुवर्षं वापरला. आता सोडलाय. मीठ पाण्यात विरघळतं, तसं इथे काही होत नाही. दाढेवर टोपी बसली की लाळ आतपर्यंत पोचत नाही.

पक्का दात वर सरकू लागला की शरीरातल्या पेशीच दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू खाऊन टाकतात. पडलेला दात तळहातावर घेऊन बघा, खाली मूळ नसतंच, खरखरीत खोलगट कड तेवढी असते. मूळ आतच मोडलं, असं वाटून कितीतरी आईबाप तो दात कागदात बांधून घेऊन येतात. मुळाबरोबर आतलं भरणही असंच नाहीसं व्हायला हवं. मोठ्यांच्या दातात नस काढल्यावर घालतात ती गटापर्चाची (झाडाच्या चिकापासूनच्या रबरासारख्या पदार्थाची) कांडी शरीरात जिरत नाही, म्हणून खाली पक्का दात येणार असेल तर ती इथे वापरत नाहीत.

बाळाच्या टाळूवर आपण तेल जिरवतो ना? मला इथे तोच 'जिरणं' हवा.

आता सगळी भरणं सारखी जिरत नाहीत. झिंक ऑक्साइड-युजेनॉल सावकाश जिरतं, दात पडल्यावरही कधी कधी त्याचे कण हिरडीत राहतात. (दवाखान्यातला लवंगेचा वास या युजेनॉलचाच, लवंगेच्या तेलात मुख्यतः तेच असतं.) कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयोडोफॉर्मची पिवळी पेस्ट लवकर जिरते, कधी मुळाच्याही आधी.

आणखी एक प्रतिसाद
'विरघळणारे टाके' आता रूढ आहेत, तिथे हात लावू नये. पण दाताच्या मुळाला 'झिजलं' म्हणू नका. झीज घासून होते, सहाणेवरच्या खोडासारखी. 'शोषणीय' पुस्तकात ठीक, दवाखान्यात कोणाला कळणार?

प्रश्नकर्ती
टाळूचं उदाहरण आजीला लगेच पटलं. पण मग 'सिमेंट' तरी कशाला? ऐकलं की कायमचं, दगडासारखं वाटतं.

प्रतिसाद
खरंय. आयोडोफॉर्मची पेस्ट तर कडक होतच नाही. उद्यापासून मी 'जिरणारं भरण' म्हणेन.