मराठी शाळेतून आलेल्या मुलीला पीयूसीचं कॉम्प्युटर सायन्स जड जातंय, आधी इंग्रजीचा क्लास लावू का?

खानापूरचे पालक:
नमस्कार. मुलगी गावच्या मराठी शाळेतून दहावी झाली. आता बेळगावात पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) आहे, पीसीएमसी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि कॉम्प्युटर सायन्स घेऊन. गणितात कायम पुढे, पण प्रोग्रॅम लिहायला बसली की अडते. पुस्तक इंग्रजी, वर्गात समजावतात ते निम्मं कन्नडमध्ये. सगळे म्हणतात, स्पोकन इंग्लिश लावा. काय करू?

लॅबच्या मॅडम, बेळगाव:
दादा, स्पोकन इंग्लिशवर आत्ता पैसे घालू नका. मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते, मराठी शाळांतली मुलं दरवर्षी येतात. त्यांचं अडतं ते नेमकं सांगण्यात.

परवा एकीला डेअरीचा हिशेब दिला: फॅट ३.५ आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) ८.५ किंवा त्याहून जास्त असेल तरच पूर्ण दर. तिनं दोन अटींमध्ये ‘ऑर’ (किंवा) घातलं, पातळ दुधालाही पूर्ण दर मिळाला. कीबोर्ड बाजूला ठेवायला लावला. म्हटलं, डेअरीवर नवीन पोरगं आलंय, त्याला मराठीत सांग. फॅट बरोबर ३.५ लागलं तर? फॅट ४, पण एसएनएफ ८ असेल तर? तिनं चार ओळी मराठीत लिहिल्या आणि मग ‘अँड’ आणि >= स्वतःच घातलं.

डाइक्स्ट्रा या नामवंत डच संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय, गणिताच्या ओढीबरोबर मातृभाषेवर पक्की पकड हे प्रोग्रॅमरचं सर्वांत मोठं भांडवल. ते तुमच्या मुलीकडे आहे.

निपाणीकर, सध्या पुण्यात:
मॅडमचं पटलं. तरी थोडं इंग्रजी लागतंच, एरर वाचण्यापुरतं. लाल अक्षरं दिसली की आपली पोरं घाबरून सगळं पुसतात. शेवटची ओळ आधी वाचायची. ‘नेमएरर’ म्हणजे ते नाव पायथनला माहीतच नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं. ओळीचा नंबर त्याच्या वरच सापडतो. नेहमीचे एरर वहीत मराठी अर्थासकट लिहून ठेवू दे. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला (किंमत साठवायची जागा) ‘दर’, ‘लिटर’ अशी देवनागरी नावंही चालतात. घरच्या सरावाला बरी, परीक्षेत नको.

खानापूरचे पालक:
आणि थिअरी? ती पाठच करते.

लॅबच्या मॅडम, बेळगाव:
पाठ करू देऊ नका. धडा वाचून झाला की तुम्हाला मराठीत समजावून सांगू दे. तुम्हाला कॉम्प्युटर येत नसला तरी चालतंय. कळलं नाही तिथं तिला थांबवा. मग तेच तिच्या साध्या इंग्रजीत, लहान वाक्यांत लिहायचं. कन्नडमधलं सुटलेलं त्याच दिवशी वर्गातल्या कन्नड मैत्रिणीला विचारायचं, बदल्यात हिनं तिला गणित सांगावं. आणि लॅब रेकॉर्ड कुणाचं बघून उतरवू नये, एवढं मात्र तुम्ही बघा.