पावसाळाभर टिकणारे वॅक्स : गाडीच्या रंगासाठी आणि चाकांसाठी कोणते घ्यावे?

भाट्येकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझे घर रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तीन वर्षांपूर्वी घेतलेली पांढरी हॅचबॅक अंगणात कलमाच्या झाडाखाली उभी असते. वर शेड नाही आणि इतक्यात होण्यासारखीही नाही. त्यामुळे मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा, मे महिन्यात ऊन आणि जांभ्याची तांबडी धूळ, जूनपासून पाऊस आणि खारा वारा, असे बारा महिने काही ना काही रंगावर बसत राहते.

गेल्या वर्षी मे अखेरीस एका वॉशिंग सेंटरवर 'रबिंग आणि वॅक्स' करून घेतले होते. पहिले तीन-चार आठवडे बोनेटवर पाण्याचे गोल थेंब उभे राहत आणि गाडी हलली की ओघळून जात. आषाढ संपता संपता पाणी पसरट बसू लागले, आणि गणपतीत गाडी धुतली तेव्हा तर वॅक्स कधी लावलेच नव्हते असे वाटावे इतका रंग हाताला कोरडा लागला. चाकांची अवस्था याहून वाईट आहे. चाके अलॉयची असून पुढच्या दोन्ही चाकांवर, विशेषतः आऱ्यांच्या मुळाशी, तपकिरी बारीक ठिपके पडले आहेत आणि ते शाम्पूने, ब्रशने, कशानेही निघत नाहीत.

सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर बसवायच्या टिकाऊ पण महागड्या कठीण थराचा, खर्च या गाडीवर करण्याची माझी तयारी नाही. घरी, स्वतःच्या हाताने लावता येईल आणि मृगापासून निदान दसऱ्यापर्यंत टिकेल असे वॅक्स कोणते? तेच चाकांना चालते का, की चाकांसाठी वेगळे घ्यावे लागते? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

कोल्हापूरचा पेंटर

भाट्येकर साहेब, मी वीस वर्षे पेंटबूथमध्ये काम केले आहे, म्हणून आधी गेल्या वर्षी काय झाले असावे ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय नुसते नवे वॅक्स घेऊन उपयोग नाही. रबिंग कंपाउंडमध्ये रंग घासणारे बारीक कण आणि ते फिरवण्यासाठी तेल असते. घासून झाल्यावर हे तेल रंगावर राहते आणि त्यामुळेच गाडी त्या दिवशी विलक्षण चमकते. ते तेल न काढता वरून वॅक्स फिरवले, तर वॅक्सची पकड रंगावर न बसता तेलावर बसते, आणि तेल धुतले गेले की त्याच्याबरोबर वॅक्सही जाते. शिवाय रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला आम्ही क्लिअर कोट म्हणतो, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. दर वर्षी 'रबिंग' म्हणजे दर वर्षी त्यातला थोडा भाग घासून टाकणे. ओरखडे नसतील तर रबिंग करूच नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता निवडीबद्दल. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे मेण आहे. ते निसर्गात मिळणाऱ्या सर्वांत कठीण मेणांपैकी एक असून ८० अंश सेल्सिअसच्या वर वितळते. मात्र डबीत ते शुद्ध नसते. लावता यावे म्हणून त्यात मऊ मेणे, तेले आणि विद्रावके मिसळलेली असतात, त्यामुळे डबीवर कार्नोबा लिहिले आहे एवढ्यावरून टिकाऊपणा ठरत नाही. गडद रंगाला कार्नोबाची झळाळी खुलते हे खरे, पण पांढऱ्या गाडीवर तो फरक फारसा दिसत नाही. उघड्यावर राहणाऱ्या गाडीवर नुसते कार्नोबा मला सहा ते आठ आठवड्यांपलीकडे टिकलेले दिसलेले नाही. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट, म्हणजे मेणाऐवजी रंगावर संरक्षक थर धरणारे द्रव्य, किंवा मेण आणि पॉलिमर यांचे मिश्रण मात्र नीट लावले तर चार-पाच महिने काढते. तुमच्या गाडीसाठी मी याच दुसऱ्या गटातले काहीतरी घेईन. डबीतल्या घट्ट प्रकारात कॉलिनाइट ४७६ एस आणि फिनिश केअर १००० पी ही दोन नावे टिकाऊपणासाठी अनेक वर्षे घेतली जातात आणि दोन्ही मी स्वतः वापरली आहेत. कॉलिनाइट जाड लावले तर पुसताना घाम काढते, एवढे लक्षात ठेवा.

मात्र वॅक्स कोणतेही असो, ते किती टिकणार हे त्याआधीच्या तासाभरात ठरते. गाडी शाम्पूने धुऊन झाली की ओल्या बोनेटवर, हात एका पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोटांची टोके हलकेच फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागेल. झाडाचा चिकटा, डांबराचे कण, लोखंडाची धूळ असे सगळे तिथे घट्ट बसलेले असते आणि ते पाण्याने जात नाही. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने आधी काढा. मग क्ले बार, म्हणजे कणकेसारखा मऊ गोळा, भरपूर शाम्पूच्या पाण्यात भिजवून जोर न देता सरळ रेषेत फिरवा. गोळा मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा, आणि हातातून जमिनीवर पडला तर तो टाकून द्या, कारण त्याला चिकटलेला एक खडा संपूर्ण दारावर रेघ ओढतो. पिशवी सगळीकडे गुळगुळीत फिरू लागली की गाडी पुन्हा धुऊन, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या सौम्य मिश्रणाने एकदा पुसून घ्या, म्हणजे उरलेसुरले तेल निघून जाईल.

वॅक्स सावलीत आणि थंड पत्र्यावर लावा. ओलसर स्पंजवर थोडेसेच घ्या आणि एका वेळी एकच भाग करा. थर इतका पातळ हवा की तिरप्या उजेडातच पुसट धुके दिसावे. बोटाने ओढल्यावर रेघ स्वच्छ उमटली तर पुसायची वेळ झाली, ओशट फराटा पडला तर आणखी थांबायचे. दुसरा थर दुसऱ्या दिवशी द्या. तो टिकाऊपणा दुप्पट करण्यासाठी नसून पहिल्यात सुटलेल्या जागा भरण्यासाठी असतो, आणि तिसऱ्या थराने काहीही साधत नाही. काळ्या प्लॅस्टिकला वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात आणि ते सहजासहजी जात नाहीत.

सातारकर

पेंटर दादांनी सांगितलेल्या तयारीशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त पहिल्यांदाच हाताने लावणाऱ्याने घट्ट डबीऐवजी पातळ, द्रव सीलंट घ्यावे असे मला वाटते. माझा पहिला प्रयत्न घट्ट वॅक्सचा होता. कोकणातल्या मे महिन्यासारख्या दमट हवेत ते वाळेना आणि वाळले तेव्हा टपावरून निघेना. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. द्रव सीलंट मात्र लावल्यावर निदान बारा तास पाण्यापासून लांब ठेवावे लागते, म्हणून पावसाचे ढग जमण्याआधी, मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच हे काम उरकावे.

दुसरी गोष्ट, वॅक्स पावसाने जितके जाते त्याहून जास्त आपण स्वतः धुऊन काढतो. भांडी घासायचे लिक्विड आणि कपड्यांची पावडर यांनी मेण उतरते, त्यामुळे गाडीचाच सौम्य शाम्पू वापरावा. दररोज सकाळी एकाच बादलीत फडके बुडवून धूळभरली गाडी पुसून घेण्याची पद्धत तर बंदच करावी. कौलांच्या किंवा पत्र्याच्या पागोळ्या गाडीवर पडत असतील, तर चार फूट पुढे-मागे लावल्यानेही पुष्कळ फरक पडतो, हे मी स्वतः पाहिले आहे. आणि चिकटा किंवा पाखरांची विष्ठा यांच्यासाठी पुढच्या रविवारच्या धुण्याची वाट पाहू नये. वॅक्समुळे डाग मुरायला वेळ लागतो एवढेच, तो वेळ आपण वापरला पाहिजे.

पनवेलचा पानेवाला

चाकांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ते तपकिरी ठिपके ब्रेकच्या धुळीचे आहेत. ब्रेक लावताना डिस्क आणि पॅड झिजतात, त्यातले लोखंडाचे तापलेले कण चाकाच्या लॅकरवर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरावर, जाऊन रुततात आणि खाऱ्या, दमट हवेत तिथेच गंजतात. पुढच्या ब्रेकवर भार जास्त येतो, म्हणून ते पुढच्याच चाकांवर अधिक दिसतात. शाम्पूचे येथे काही चालत नाही. आयर्न रिमूव्हर नावाचे द्रव मिळते. ते थंड चाकावर फवारले की तीन-चार मिनिटांत प्रत्येक ठिपक्यापासून जांभळे ओघळ सुटू लागतात, म्हणजे लोखंड विरघळते आहे. वास कुजलेल्या अंड्यासारखा असतो, हातमोजे घालावेत, आणि द्रव चाकावर वाळू न देता भरपूर पाण्याने धुवावे. जुने डाग दोन-तीन खेपा घेतात. ऍसिडचे स्वस्त व्हील क्लीनर मात्र वापरू नका. लॅकरला कुठे चीर असेल तर ते आत शिरते आणि आतले ऍल्युमिनियम पांढरे पडून फुगू लागते.

अलॉयवरही रंगासारखेच लॅकर असल्याने तेच सीलंट चालते. पण चाकाला उष्णता आणि घर्षण जास्त सोसावे लागत असल्याने कार्नोबापेक्षा कृत्रिम प्रकारच घ्यावा, आणि पेंटर दादांनी सांगितलेले १००० पी चाकांवर विशेष चांगले बसते, असा माझा अनुभव आहे. रंगावर ते पाच महिने टिकले तर चाकांवर अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा लावायची तयारी ठेवा. शक्य असल्यास सपाट जागेवर जॅक लावून, स्टँड देऊन, एकेक चाक उतरवून आतल्या बाजूलाही लावावे, कारण धूळ आतच अधिक साठते.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ब्रेकच्या डिस्कला, चाक हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) टेकते त्या सपाट भागाला, नट बसतात त्या खोबणीला आणि टायरच्या नक्षीला वॅक्सचा स्पर्शही होऊ देऊ नका. चुकून डिस्कवर हात लागला तर ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय गाडी हलवू नका. नट समोरासमोरचे घेत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळा आणि ५०-१०० किलोमीटर चालवून झाल्यावर एकदा पुन्हा तपासा.

भाट्येकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्रीच पिशवी घालून बोनेट पाहिले आणि खरोखर वाळूवरून हात फिरवल्यासारखे वाटले. सीलंट मी द्रव प्रकारातले घेईन, चाकांसाठी १००० पी. एक शंका राहिली : डाव्या मागच्या दाराला घासल्यामुळे दहा दिवसांपूर्वी गॅरेजमध्ये त्या दाराचा रंग मारून घेतला आहे. त्यावरही आताच लावले तर चालेल का?

कोल्हापूरचा पेंटर

नाही, ते दार सध्या सोडून द्या. कारखान्यात रंग मोठ्या भट्टीत भाजला जातो, गॅरेजमध्ये तेवढी उष्णता देता येत नाही. त्यामुळे रंग वरून वाळलेला दिसला तरी आतली विद्रावके काही आठवडे बाहेर पडत राहतात आणि वर सीलंट बसले तर ती कोंडतात. निदान ३० दिवस, जमल्यास दीड महिना जाऊ द्या. तोपर्यंत ते दार नुसत्या पाण्याने धुवा, क्ले बारही फिरवू नका. तोवर पाऊस लागला असेल, तर दोन दिवसांची उघडीप पाहून, गाडी कोणाच्या तरी पडवीत लावून तेवढे एकच दार करून घ्या.